नळीतलं वाफेचं संघनन: भिंतीला आणि आउटलेटला कोणती अट द्यावी? सल्ला हवा

थेंबभर:
नमस्कार मंडळी. आडवी तांब्याची नळी, आतला व्यास २५ मिमी, लांबी २ मीटर. वातावरणाच्या दाबाची संपृक्त (म्हणजे उकळबिंदूलाच असलेली) वाफ सेकंदाला ५ ग्रॅम सोडतोय, बाहेर जॅकेटमधून, म्हणजे नळीभोवतीच्या आवरणातून, ३० अंशांचं पाणी. सिम्युलेशनमध्ये भिंतीला ३० अंश दिले तर सगळी वाफ पहिल्या ३५-४० सेंटिमीटरमध्येच संपते आणि आउटलेटमधून उलटा प्रवाह आत येतो. प्रत्यक्षात नळी निम्म्याच्या पुढेही गरम असते. मग भिंतीला एकसमान हीट फ्लक्स (दर चौ.मी. मधून जाणारी उष्णता) दिला, तर जमा झालेलं पाणी प्रयोगाशी तंतोतंत जुळलं. हीच अट कायम ठेवू का?

उष्मांक:
नका ठेवू. फ्लक्स तुम्ही दिलात म्हणजे एकूण उष्णता ठरली. तिला २२५७ किलोज्यूल प्रति किलो या सुप्त उष्णतेने भागलं की पाणी किती होणार तेही ठरलं. फिल्मचं, म्हणजे भिंतीवरच्या पाण्याच्या पातळ थराचं, मॉडेल साफ चुकलेलं असलं तरी उत्तर हेच येणार. चूक दिसेल ती फक्त भिंतीच्या तापमानात. ते ताडून पाहिलंत का?

आणि ३० अंश हे पाण्याचं तापमान आहे, भिंतीचं नाही. हाताने हिशेब करा. तुमच्या सगळ्या वाफेचं पाणी व्हायला ११.३ किलोवॅट काढून घ्यावे लागतात, म्हणजे पूर्ण लांबीवर सरासरी ७२ किलोवॅट प्रति चौ.मी. आडव्या नळीत वाफ संथ असेल तर फिल्म वरून खाली ओघळते आणि अशा फिल्मसाठीची नुसेल्ट यांची १९१६ची मांडणी थोड्या फेरफाराने चालते. त्यावरून वाफ आणि भिंत यांत ७ अंशांचा फरकही एवढ्या उष्णतेला पुरतो! तुम्ही ७० अंश दिलेत. फरक वाढला की फिल्म जाड होते आणि उष्णतावहनाचा गुणांक (दर अंश फरकाला दर चौ.मी. मधून जाणारी उष्णता) घटतो, पण फरकाच्या फक्त चतुर्थ मुळाच्या प्रमाणात. म्हणून फ्लक्स चारशे किलोवॅट प्रति चौ.मी.च्या वर गेला आणि वाफ तिथेच संपली.

जॅकेटचा गुणांक आणि पाण्याचं तापमान द्या, भिंतीचं तापमान सॉल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) काढू द्या. जॅकेटकडे समजा २५०० वॅट प्रति चौ.मी. प्रति अंश असतील, तर आतली भिंत ८५ अंशांच्या आसपास येईल. पाणी वाटेत तापतं, तेही धरा. मिनिटाला १२ लिटर असेल तर साधारण साडेतेरा अंशांनी तापेल. बाहेर पाण्याऐवजी नुसती हवा असती तर गोष्ट वेगळी. तिथे सगळा अडथळा हवेकडेच असतो, भिंत वाफेच्या तापमानाला चिकटून राहते आणि एकसमान फ्लक्स बऱ्यापैकी चालतो.

निर्वात:
आउटलेटबद्दल. उलट्या प्रवाहात सॉल्व्हर काय आत आणतोय ते बघा. वाफ आणत असेल तर तिचंही पाणी होतं, म्हणजे नळीला दुसऱ्या टोकानेही वाफ मिळतेय. उलटा आत येणारा पदार्थ म्हणून तिथे पाणी द्या, किंवा पुढे उष्णतारोधक तुकडा जोडा. दोन्ही टोकांना वाफेचा प्रवाह बांधून ठेवू नका. भिंत किती वाफ खाते ते ठरलेलं असताना हिशेब जुळणारच नाही, दाब सरकत जाईल.

तुमच्याकडे वाफ १७ मी./से. वेगाने शिरते आणि शेवटी थांबते. थांबताना थोडा दाब परत मिळतो, पण तो १७० पास्कलच्या घरात, आणि या दाबाला संपृक्त तापमान एका अंशाने हलायला ३६०० पास्कल लागतात. तेव्हा दुर्लक्ष करा. ०.१ बारवर काम करणाऱ्यांनी मात्र करू नये, तिथे ५०० पास्कलला एक अंश पडतो.

थेंबभर:
दोघांचेही मनापासून आभार. जॅकेटची अट दिली, उलटा प्रवाह थांबला. भिंत ८६ अंश, वाफ १.२ मीटरला संपते. नळीवरचे थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) मात्र दीड मीटरपर्यंत गरम दाखवतात.

निर्वात:
नळीतली हवा काढली होती का? वाफेत वस्तुमानाने अर्धा टक्का हवा असली तरी, वाफ संथ असेल तिथे, उष्णतावहन निम्म्यावर येऊ शकतं. वाफेचं पाणी होतं, हवा फिल्मपाशी साचते, आणि फिल्मच्या पृष्ठभागावर वाफेचा आंशिक दाब (एकूण दाबातला वाफेचा वाटा) घटल्यामुळे तिथलं तापमानही उतरतं. मॉडेलमध्ये तुम्ही ते पूर्ण संपृक्त तापमान धरलं आहे. शेवटचं टोक उघडं ठेवून काही मिनिटं वाफ वाहू द्या, मग प्रयोग पुन्हा करा. त्यानंतरही दीड मीटर आलं तर जॅकेटचा गुणांक वेगळा मोजावा लागेल.

थेंबभर:
नाही काढली. उद्या सकाळी आधी तेच करतो, आकडे इथेच टाकतो.