इस्त्रीवाल्या बायका आणि दूधआई

कुणीतरी म्हटलंय की इम्प्रेशनिस्ट (एकोणिसाव्या शतकातला, मोकळ्या फटकाऱ्यांनी रंगवणारा फ्रान्समधला चित्रकारांचा गट) म्हणजे नुसत्या बागा, बोटी नि पिकनिका. अर्धं पटलं, पण त्यांच्यातलाच चित्रकार देगा राहिला ना राव! त्याचं इस्त्रीवाल्या बायकांचं चित्र (१८८४-८६ च्या आसपासचं, पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे) जरा झूम करून बघा, एक बाई दोन्ही हातांनी अंगाचं सगळं वजन टाकून इस्त्री दाबतेय आणि शेजारची एका हातात बाटली, दुसरा हात मानेशी, आणि आऽऽ करून जांभई. कॅनव्हास पण मुद्दाम जाडाभरडा घेतलाय, त्यामुळे रंग कसा खरखरीत बसलाय.

आणि त्याच गटातली चित्रकर्ती बर्थ मोरिसो कशी विसरता? तिने १८७९-८० च्या सुमारास स्वतःच्या मुलीला पाजणारी दूधआई रंगवली, म्हणजे पोरगी चित्रकर्तीची, दूध पगारी बाईचं, आणि चित्रकर्ती नि दूधआई दोघी आपापल्या कामावर बसल्यात समोरासमोर. (घरात मदतनीस असल्याशिवाय हातात ब्रश येत नाही, हे तेव्हाही तसंच.) फटकारे इतके मोकळे की चेहरे धड दिसतच नाहीत, बाळ तर गवतात विरघळल्यासारखं झालंय. मला तरी देगापेक्षा हे जास्त भिडतं.