मदत हवी आहे : ‘द सोप्रानोज’च्या शेवटातील दोन दृश्यांच्या एका जोडणीचा अर्थ

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात येत्या रविवारी ‘द सोप्रानोज’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या, १० जून २००७ रोजी दाखवल्या गेलेल्या, अखेरच्या भागावर चर्चा ठेवली आहे आणि मी एका मुद्द्यावर अडलो आहे. शेवटच्या प्रसंगात हॉटेलच्या दाराची घंटी वाजते, तिथे बसलेला टोनी (मालिकेचा नायक, माफिया टोळीचा म्होरक्या) वर पाहतो आणि आत येणारा माणूस आपल्याला त्याच्या नजरेने दिसतो. शेवटच्या घंटीला मात्र तो वर पाहतो आणि पडदा एकदम काळा होतो, म्हणून तो काळोख त्याच्याच नजरेचा, अर्थात मृत्यूचा, हे मला मनापासून पटते. टोनीचा मेहुणा बॉबी याचे आधीच्या एका भागातील नावेतले बोलणे (मरण येते तेव्हा बहुधा आवाजही ऐकू येत नाही) आणि याच हॉटेलात स्वच्छतागृहाकडे गेलेला संशयास्पद जाकीटवाला, हे दोन्ही पुरावे मी जमेस धरले आहेत. अडचण प्रसंगाच्या आरंभी आहे: टोनी दारात उभा राहून आत पाहतो आणि लगेच तोच टेबलाशी बसलेला दिसतो. मालिकेचे जनक डेव्हिड चेस यांच्या मुलाखती आमच्या मंडळींनी वाचल्या आहेत, त्यामुळे उत्तर दृश्यांच्याच आधारे हवे. गावात नेट फार मंद असल्याने कृपया व्हिडिओ न पाठवता लिहूनच कळवावे. नजरेचा तो नियम खरा मानला, तर टोनी स्वतःलाच पाहतो आहे असे भासवणाऱ्या या जोडणीचा अर्थ कसा लावावा?