बाबांनी सिगरेट सोडून नऊ वर्षं झाली, तरी फुप्फुसाचं सीटी करून घ्यावं का?

सायली_म
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण प्लीज वाचा. बाबा ६१ वर्षांचे आहेत. चोविसाव्या वर्षी सिगरेट लागली, पहिली दहा वर्षं दिवसाला अर्धं पाकीट, पुढची अठरा वर्षं पूर्ण पाकीट, आणि बावन्नाव्या वर्षी जी सोडली ती आजतागायत हात लावलेला नाही, मला त्यांचं याबद्दल फार कौतुक आहे. पण त्यांचे सख्खे मोठे भाऊ, म्हणजे माझे काका, मागच्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, कळलं तेव्हाच यकृतापर्यंत पसरला होता. तेव्हापासून डोक्यातून हा विषय जात नाहीये. बाबा म्हणतात दरवर्षी चेकअपमध्ये छातीचा एक्सरे होतोच, तो क्लिअर आहे, मग उगाच खाजवून खरूज कशाला काढायची. तर एक्सरे पुरेसा आहे का? ते लो डोस सीटी म्हणतात ते नक्की कोणासाठी असतं, रेडिएशन किती? आणि आईने कधी ओढली नाही पण इतकी वर्षं त्या धुरात राहिली, तिचंही करावं का? बाबांना बाकी काही त्रास नाही, खोकला आहे पण तो जुनाच.

मंदार७
सायली, एक्सरेचं उत्तर सरळ आहे, स्क्रीनिंगसाठी, म्हणजे काही त्रास नसताना आधीच आजार शोधायला, तो पुरत नाही. अमेरिकेत नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायल नावाचा मोठा अभ्यास झाला, ५३ हजारांहून जास्त लोक, सगळे भरपूर सिगरेट ओढणारे किंवा ओढून सोडलेले, अर्ध्यांना तीन वर्षं दरवर्षी एक्सरे आणि अर्ध्यांना लो डोस सीटी. २०११ मध्ये निकाल आले तेव्हा सीटीवाल्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्के कमी होते. त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात दरवर्षी एक्सरे काढणारे आणि काहीच न काढणारे यांच्यात मृत्यूंचा फरकच दिसला नाही. एक्सरेत छोटी गाठ बरगड्यांच्या, हृदयाच्या सावलीत लपून जाते. पुढे २०२० मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियमचा नेल्सन अभ्यास आला, त्यातही पुरुषांमध्ये दहा वर्षांत २४ टक्के घट दिसली.

आता कोणासाठी. रोजची किती पाकिटं गुणिले किती वर्षं याला पॅक-इयर म्हणतात, पाकीट म्हणजे २० सिगरेटी. तुझ्या बाबांचे पहिल्या दहा वर्षांचे ५ आणि नंतरचे १८, एकूण २३. अमेरिकेच्या २०१३ च्या शिफारशीत ३० ची अट होती, त्यात ते बसले नसते. २०२१ मध्ये ती बदलली, वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, आणि अजून ओढतायत किंवा सोडून १५ वर्षं झालेली नाहीत. यात ते बसतात. प्रत्येक देशाचे निकष थोडे वेगळे आहेत, पण सख्ख्या भावाला झालाय म्हणजे धोका अजून थोडा वरच धरायचा.

रेडिओग्राफर_दादा
मी सीटी मशीनवरच काम करतो. लो डोस सीटीला साधारण दीड मिलीसिव्हर्ट रेडिएशन जातं, छातीच्या नेहमीच्या सीटीला याच्या चार-पाच पट. जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला वर्षभरात आपसूक मिळतं ते जगाच्या सरासरीने २.४ च्या आसपास, त्यामुळे बाबांच्या वयाला ही भीती बाळगू नका. सुई नाही, इंजेक्शन नाही, उपाशी राहायचं नाही, आडवं व्हायचं, काही सेकंद श्वास रोखायचा, झालं. फक्त चिठ्ठीवर डॉक्टरांकडून 'लो डोस, स्क्रीनिंग' असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर नेहमीचंच सीटी होऊन जातं.

शरयू
ताई, स्कॅनच्या पुढचं कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. माझ्या मिस्टरांच्या पहिल्याच स्कॅनमध्ये ७ मिमीची गाठ दिसली, रिपोर्टमध्ये नोड्यूल हा शब्द वाचला आणि आमच्या घरातली झोपच उडाली. डॉक्टर म्हणाले आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी परत स्कॅन. मला तेव्हा रागच आला होता, गाठ आहे तर काढत का नाही, थांबायचं कशाला! मग त्यांनी बसवून समजावलं की कॅन्सरची गाठ वाढते आणि जुना व्रण आहे तसाच राहतो, एवढ्या छोट्या गाठीत सुई घालायला गेलं तर फुप्फुसातून हवा गळायचा धोका आणि हाती काही लागेलच असं नाही. सहा महिन्यांनी गाठ होती तेवढीच, वर्षानेही तेवढीच. जुन्या टीबीचे, न्यूमोनियाचे डागही असेच दिसतात म्हणे. पण ते मधले महिने फार जड जातात, बाबांना आधीच सांगून ठेवा की काहीतरी दिसण्याची शक्यता बरीच आहे आणि दिसलं म्हणजे कॅन्सर असं नाही.

मंदार७
शरयूताई, अगदी महत्त्वाचं लिहिलंत. त्या २०११ च्या अभ्यासात सीटीवाल्या गटातल्या शंभरातल्या जवळपास चाळीस जणांना तीन वर्षांत एकदा तरी पॉझिटिव्ह रिपोर्ट आला होता आणि त्या पॉझिटिव्ह रिपोर्टांतले ९६ टक्क्यांहून जास्त कॅन्सरचे नव्हते. तेव्हा ४ मिमीपासून पॉझिटिव्ह धरत, आता घट्ट गाठ असेल तर पहिल्या स्कॅनला ६ मिमीपासून, त्यामुळे खोट्या घंटा कमी झाल्यात. आणि स्क्रीनिंग दरवर्षी करायचं असतं, एकदा क्लिअर आलं म्हणून फाईल बंद करायची नाही.

विजय_पी
एवढं सगळं करण्यापेक्षा रक्ताची ट्यूमर मार्कर टेस्ट करा ना, पॅकेजमध्येच असते.

रेसिडेंट_पल्मो
विजयदादा, फुप्फुसाच्या स्क्रीनिंगला मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ, चालत नाहीत. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बरेचदा नॉर्मल येतात, आणि सिगरेट ओढणाऱ्यांत सीईए नावाचा मार्कर कॅन्सर नसतानाही वाढलेला सापडतो.

सायली, आईंच्या बाबतीत माझं मत नको असं आहे. दुसऱ्याच्या धुराने धोका वाढतो हे खरं, पण स्वतः न ओढणाऱ्या माणसाचा मुळातला धोका एवढा कमी असतो की स्कॅनमधून निघणाऱ्या निरुपद्रवी गाठींचा ताप जास्त होतो. तैवानने २०२२ पासून न ओढणाऱ्यांनाही स्क्रीनिंगमध्ये घेतलंय, पण ज्यांच्या आई-वडिलांना, भावंडांना किंवा मुलांना हा कॅन्सर झालाय त्यांना. तुझे काका आईंचे दीर, रक्ताचं नातं नाही.

पण मी अडकले तुझ्या शेवटच्या वाक्यात. खोकला 'जुनाच' म्हणजे नक्की कसा? गेल्या काही महिन्यांत बदललाय का, रात्री वाढलाय, आवाज बसलाय, थुंकीत लाल रेषा, वजन उतरलंय, जिना चढताना आधीपेक्षा जास्त धाप? आज बाबांना शांतपणे विचार. स्क्रीनिंग हे ज्याला काहीही त्रास नाही त्याच्यासाठी असतं. यातलं एकही 'हो' असेल तर तो स्क्रीनिंगचा पेशंटच नाही.

सायली_म
विचारलं. आधी काही नाही काही नाही चाललं होतं, मग आईच म्हणाली की दोन-तीन महिन्यांपासून खोकला रात्रीचा येतो आणि पँटला पट्टा लावावा लागतोय, आधी लागत नव्हता. बाबा गप्प बसले. रक्त वगैरे नाही म्हणतात. एक्सरे सहा महिन्यांपूर्वीचा आहे. मला आता खूप भीती वाटतेय.

रेसिडेंट_पल्मो
भीती वाटणारच गं. पण खोकला बदलायला आणि वजन उतरायला बाकी पुष्कळ कारणं आहेत, टीबी, सीओपीडी (श्वासनलिकांचा जुनाट आजार), थायरॉईड, शुगर, आणि यातल्या बहुतेकांवर चांगले उपचार आहेत. फक्त सहा महिन्यांपूर्वीच्या एक्सरेवर आता विसंबायचं नाही आणि स्वतःहून लो डोस सीटीही बुक करायचं नाही. याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवा, ते तपासून काय ते ठरवतील, बहुधा पूर्ण सीटी आणि थुंकीची तपासणी सांगतील. काकांचा कॅन्सर, बाबांचे २३ पॅक-इयर, खोकला कधीपासून बदलला, आधी वजन किती होतं आणि आता किती, सगळं एका कागदावर लिहून ने, तिथे गेल्यावर बाबा परत 'काही नाही' म्हणतील.

रेडिओग्राफर_दादा
आणि आधीच्या वर्षांचे एक्सरे घरात असतील ते सगळे बरोबर घ्या, नुसते रिपोर्ट नाही, फिल्म किंवा सीडी. डाग दिसला तर तो जुना की नवा हे त्यावरून लगेच कळतं.

सायली_म
उद्या संध्याकाळची अपॉइंटमेंट मिळाली. बाबा तयार झालेत. फिल्म कपाटात आहेत, काढून ठेवते. आईही सोबत येणार आहे.