पहिल्या उत्तरालाच गुण द्यायचे, तर कोश रद्दीत घाला की!

बाळीवेस
आपल्या या अनुवादकांच्या कट्ट्यावर शब्द अडला की विचारायचा, आणि आवडलेलं उत्तर निवडून त्याला गुण द्यायचे, अशी रीत. परवा त्यावर एका गृहस्थानं लिहिलं : "प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यावर काम असतं. पहिलं बरं उत्तर आलं की गुण देऊन मोकळं व्हावं. मागाहून कोश उपसत येणाऱ्यांनी रडू नये." खाली अंगठ्यांची रांग. म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबलं.

मी कन्नड-मराठी करतो. खरेदीखतं, वाटणीपत्रं, बँकेला लागणारे कागद. मागच्या महिन्यात कुणीतरी कर्नाटकात इंडीकडच्या जमिनीच्या कागदातला एक कन्नड शब्द विचारला : 'पहणी'. सकाळी १०.४० ला प्रश्न, १०.४३ ला उत्तर : 'पाहणी'. ११.०५ ला गुण देऊन प्रश्न बंद! मी तेव्हा होटगी रोडला स्कूटरवर. घरी येऊन विजयपूरच्या मेहुण्याला फोन केला, त्यानं स्वतःच्या रानाच्या कागदाचा फोटो पाठवला, बारा ओळींचं उत्तर लिहून चढवायला गेलो तर वर पाटी, निवड झालेली आहे.

सोलापुरात कन्नड कानावर पडलेला कुणीही हसेल. पहणी म्हणजे कुणी जाऊन शेत बघून आलं असं नव्हे. आपला सातबारा तसा तो तिकडचा कागद. आता त्या तर्जुम्यात छापलं असणार, 'सोबत पाहणीची प्रत जोडली आहे'. बँकेतला साहेब विचारेल, पाहणीला कोण गेलं होतं?

बरं, हे गुण म्हणजे नुसती शाबासकी असती तर मी गप्प बसलो असतो. कुडोझसारख्या ठिकाणी, जिथं जगभरचे अनुवादक एकमेकांना शब्द विचारतात, गुणांवर अनुवादकांच्या यादीतलं स्थान हलतं, आणि गिऱ्हाईक यादी वरनं वाचत येतं. विचारणाऱ्याला तिथं सुचवलेलं असतं की बाबा, २४ तास तरी थांब. ऐकतंय कोण? स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर निदान पहिली १५ मिनिटं उत्तर स्वीकारताच येत नाही. आपल्याकडं तेवढ्या वेळात सत्कार उरकून हार वाळलेले असतात.

सात रस्ता
दादा, तुमचा राग पटला, पण तुम्ही कधी विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसलाय का? मला दुपारी चारला फाइल द्यायची असते. साडेतीनला एका शब्दावर अडते. रात्री नऊला कुणीतरी विद्वान तीन कोशांचे दाखले देऊन अप्रतिम उत्तर देतो. मी काय करू त्याचं? फ्रेम करून लावू? वेळेत आलेलं आणि कामाला आलेलं उत्तर, गुण त्यालाच.

आणि घाईनं गुण देणाऱ्यांवर एवढं लिहिलंत, कधीच गुण न देणाऱ्यांवर एक ओळ नाही! मी मुलाची शाळेची रिक्षा येईपर्यंतच्या वेळात उत्तरं लिहिते. निम्मे लोक शब्द उचलतात आणि गायब. धन्यवाद नाही, निवड नाही. लग्नाला बोलवायचं आणि पंगतीत ताटच वाढायचं नाही, तसलं.

बाळीवेस
ताई, चारची फाइल चारला द्या, उत्तर वापरा. गुण उद्या दिले तर फाइल परत येते का? शब्द वापरणं आणि निवाडा देणं ही दोन कामं आहेत.

सात रस्ता
उद्या दुसरी फाइल असते, दादा. विसरते. मग तुमच्यासारखेच म्हणणार, गायब झाली.

कन्ना चौक
थांबल्यानं न्याय होतो म्हणणाऱ्यांनी हे वाचा.

प्रश्न टॉवेलच्या कागदातला, इंग्रजीतून मराठी. 'पाइल वॉर्प'. मी दोन मिनिटांत लिहिलं : 'लूपचा ताणा'. दोन मिनिटांत, कारण मला कोश लागत नाही. वडिलांनी तीस वर्षं माग चालवला, आई घरी कांड्या भरायची, मी त्या खडखडाटात अभ्यास केलाय. टर्किश टॉवेलला दोन ताणे लागतात, दोन वेगळे बीम. एक जमिनीचा, घट्ट ताणलेला. दुसरा ढिला सोडतात, त्याचेच लूप उठतात. अंग पुसतं ते त्या ढिल्या ताण्यानं.

विचारणारा सज्जन होता. तुमच्या नियमाप्रमाणं दीड दिवस थांबला. तेवढ्यात एक जण आला आणि लिहिलं : 'उभ्या धाग्यांचा ढीग'. पाइल म्हणजे ढीग! त्याला चार जणांची सहमती. एकमेकांचे मित्र सगळे. गुण ढिगाला. ज्या सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्याच्या कागदावर ढीग. थांबून काय झालं बे? चार सह्या गोळा व्हायला वेळ मिळाला, एवढंच.

मूळचा सोलापूरकर
त्या चारांतला एक मी. मित्रबित्र नाही. 'ढीग' चुकलं, मान्य. पण 'ताणा' तरी आज कुणाला कळतो? वाचणाऱ्याला 'उभे धागे' लगेच दिसतात. अनुवाद वाचकासाठी असतो, मागावाल्यासाठी नव्हे. आणि कारखान्यात तरी ताणा कोण म्हणतं? वॉर्प, बीम, शटल असंच चालतं. मराठी शब्द पुस्तकातच उरलेत.

कन्ना चौक
शेवटचं कारखान्यात कधी गेला होता? शाळेच्या सहलीला?

शटल म्हणतात, बरोबर. माझे आजोबा धोटा म्हणायचे. आणि आमच्या घरात ताणा-बाणाही नाही, तेलुगूतलं पडुगु-पेक. अक्कलकोट रोडला आमच्या शेजारच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, इंडीकडचे कामगार होते, ते कन्नडमध्ये हासु-होक्कु म्हणायचे. एका मागावर तीन भाषा, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. तुमचे 'उभे धागे' मात्र एकाही तोंडून ऐकले नाहीत.

मूळचा सोलापूरकर
हेच म्हणतोय. घरात तेलुगू, आणि मराठी कुठला शब्द बरोबर ते तुम्ही आम्हाला सांगणार.

कन्ना चौक
हे बरं झालं, पोटातलं ओठावर आलं. पणजोबा सोलापुरात आले. चौथी पिढी. मराठी शाळेत शिकलो, मराठीतच पोट भरतो. तुम्ही शहर सोडून गेलात, नावाला सोलापूर लावून बसलात, आणि परका मी?

सात रस्ता
ओ मूळचे, ते वाक्य मागं घ्या. माझ्या आईचं माहेर अक्कलकोटचं, घरात कन्नड. मीही गप्प बसू का मग?

मूळचा सोलापूरकर
शब्द चुकीचा गेला. मागं घेतो. 'लूपचा ताणा' बरोबर होतं, हेही लिहून टाकतो, म्हणजे रात्री झोप तरी लागेल सगळ्यांना.

कन्ना चौक
लेखी ठेवतो. गुण तर गेलेच.

बाळीवेस
आपण मागावर गेलो आणि तिथंच बसलो. तरी कन्ना चौकांच्या गोष्टीनं माझी थोडी पंचाईत केली, हे खरं. दोन मिनिटांत उत्तर येतं ते दोन तऱ्हेचं : एक ज्यानं त्या कामात आयुष्य घालवलंय त्याचं, एक ज्याचं बोट आधी पोचलं त्याचं. घड्याळाला दोन्ही सारखीच दिसतात. पण हे विचारणाऱ्याला कळणार कसं? म्हणून तर थांबा म्हणतो! बाकीच्यांना 'हे कशावरून' असं विचारायला वेळ मिळू दे.

एसटी स्टँड
नमस्कार. तो 'पाहणी'वाला मीच.

दोन दिवस वाचतोय, आता राहवेना. एक, उत्तर देताना खात्रीची पातळी सांगावी लागते, मी सगळ्यांत खालची टाकली होती. वर 'बहुतेक' लिहिलं होतं. बसची वाट बघत होतो, कागद समोर नव्हता, वाक्यही दिलेलं नव्हतं. गुण मी मागितले नाहीत, विचारणाऱ्यानं दिले. वीस मिनिटांत कुणी 'असहमत' दाबलं असतं तर मीच उत्तर काढलं असतं.

दोन, बाळीवेस काकांचं ते बारा ओळींचं उत्तर त्यांनी नंतर दुसरीकडं टाकलं होतं, ते वाचलं. पहणी बरोबर सातबारा, असं सरळ ठोकून दिलंय. काका, सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, आपल्या राज्याचे नमुने. कर्नाटकातल्या जमिनीच्या कागदावर 'सातबारा' वाचून बँकेचा साहेब महाराष्ट्राचा सातबारा मागत बसेल. मग पाहणीला कोण गेलं हे विचारणारा साहेब बरा म्हणायचा.

बाळीवेस
सातबारा लिहिला म्हणजे निदान तो जमिनीचा कागद आहे एवढं कळतं. पाहणीतून काय कळतं?

एसटी स्टँड
माझं चुकलं हे पहिल्याच ओळीत कबूल आहे. तुमचं चुकलं का, एवढंच विचारतोय. तुम्हाला तर तास-दीड तास मिळाला होता, आणि मेहुणाही.

सात रस्ता
😂 आमच्या आईकडं तिकडचे पाहुणे सरळ 'उतारा'च म्हणतात. कन्नडमध्ये बोलतानासुद्धा. मेहुण्यानं सांगितलं नाही का?

बाळीवेस
सांगितलं होतं. म्हटलं, बोलीतला शब्द आहे, कागदात कशाला.

बरं बाबांनो. 'पहणी' तसाच ठेवून पुढं 'कर्नाटकातील हक्क, वहिवाट व पीक यांच्या नोंदीचा उतारा' असं लिहायला हवं होतं. झालं समाधान? पण हे बाहेर आलं ते तुम्ही सगळे दोन दिवस वाद घालत बसलात म्हणून. अकरा वाजून पाच मिनिटांनी आलं नव्हतं.

एसटी स्टँड
हे मात्र मानलं. आणि ते गुण परत करायची काही सोय असेल तर सांगा, मला त्या यादीत वर बसून लाज वाटायला लागलीय.

सात रस्ता
लाज वाटत असेल तर माझ्या जुन्या बेवारस उत्तरांकडं वळवा.

कन्ना चौक
विषय निघालाच आहे तर, मला उद्या दुपारपर्यंत पाहिजे. 'कांडी'ला इंग्रजीत काय लिहू? एका जुन्या यंत्रमागाच्या मालाची यादी आहे.

बाळीवेस
पर्न.

कन्ना चौक
काका, एक मिनिटसुद्धा झालं नाही.

बाळीवेस
थांब थांब. धोट्यात बसते ती कांडी, की वाइंडिंगवरची? यादीतली ती ओळ पाठव आधी. आणि गुण देऊ नको अजून.