स्वतःसाठी अंगासरसा बसणारा स्वेटर

नौपाडाकर: ऐरोलीच्या ऑफिसात एसीमुळे बारा महिने हुडहुडी. छाती ३६ इंच, खांदे अरुंद, त्यामुळे तयार स्वेटर खांद्यावरून उतरतात. या वेळी स्वतःच विणायचा आहे. माप कसं धरू?

वाशीची मावशी: आधी नमुन्याचा तुकडा विण, अगं! निदान १५ सेंमीचा, सुलट विणीत. धुऊन, सपाट वाळवून मगच मधल्या १० सेंमीतले टाके मोज. समज २२ आले. छाती ९१ सेंमी, ढील (अंगाभोवती सोडायची सैल जागा) ५, म्हणजे ९६ सेंमीला साधारण २१२ टाके. तेच २१२ टाके, पण १० सेंमीत २० भरले, तर घेर १०६ सेंमी होतो. सगळा खेळ इथेच आहे. शिवाय आपल्या दमट हवेत सुती धागाच बरा. पण तो वजनाने लोंबतो, म्हणून तुकडा चिमटे लावून दिवसभर टांगून बघ.

कळव्याचा विणकर: अरुंद खांद्यांना साइज काखेखालून, छातीच्या वरच्या घेरावरून निवडा आणि छातीसाठी लागणारे जास्तीचे टाके पुढच्या भागातच वाढवा. गळ्याकडून खाली रॅगलान (गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी रेघ जाणारी बाही) विणलात तर अधूनमधून घालून बघता येतो.

नौपाडाकर: मावशी, आजच तुकडा सुयांवर घेते. ढील ५ पुरेल ना, आत कुर्ती असली तर?

वाशीची मावशी: मग ८ धर.