ऐकलेली कादंबरी ‘वाचली’ म्हणायची का?
(विश्रामबाग, सांगली – सोसायटीचा ग्रुप)

कुलकर्णी काका, ए विंग: वाचनकट्ट्याच्या वहीत सान्वीनं ‘मृत्युंजय’पुढं ‘वाचली’ लिहिलंय. पोरगी कानात वायर घालून ऐकत होती. नोंद खोडतो.

माधुरी, बी विंग: खोडू नका हो काका. ती कादंबरी तर ऐकायलाच बरी. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, सगळे ‘मी’ म्हणूनच बोलतात.

शिंदे, सी विंग: पण वाचणारा एकच असला की घोळ होतोय. भाजी घेता घेता भाग बदलला आणि मला वाटलं अजून कर्णच बोलतोय 😄 भाग सुरू होताना नाव ऐकायचं चुकवू नका.

माधुरी: मग ‘ययाति’पासून सुरू करा. तिथं तिघंच, ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. आणि खांडेकर जन्मानं सांगलीचेच.

कुलकर्णी काका: ओळ डोळ्यापुढं नाही, पेन्सिलीनं खूण नाही. त्याला वाचन म्हणायचं?

कुलकर्णी काकू: ज्ञानेश्वरीचं निरूपण ऐकून आलात की ‘आमची ज्ञानेश्वरी झाली’ म्हणून सांगत फिरता. ते काय होतं? 🙏

शिंदे: काकूंनी विकेट काढली.

टाकी साफ करायला माणूस आलाय, ११ पर्यंत पाणी बंद. – सेक्रेटरी

पाटील काकू, ए विंग: माझं वेगळंच. नातवाला ज्यूल व्हर्नची पाणबुडीवाली गोष्ट चित्रकथेत आणली. सूनबाई म्हणते, चित्रं बघून वाचायचा कंटाळा लागेल.

वाघमारे सर, बी विंग: व्हर्नच्या फ्रेंचमध्येही सचित्र आवृत्त्या निघायच्या, काकू. डिकन्सची ‘पिकविक’ कादंबरी १८३६ साली महिन्याच्या हप्त्यानं सुरू झाली, तेव्हा प्रकाशकाला खरं तर चित्रांसोबत मजकूर हवा होता. पुढं मजकूरच वरचढ ठरला. तेव्हा चित्रांना पोरखेळ म्हणू नये. मात्र सचित्र कादंबरी वेगळी, चित्रकथा वेगळी. चित्रकथेत मजकूर कापावाच लागतो. अमेरिकेत १९४१ पासून अभिजात कादंबऱ्यांच्या चित्रकथा निघू लागल्या, त्यांतही तेच. गोष्ट हाती येते, लेखकाची भाषा राहून जाते. नातवाला गोडी लागली की भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न द्या.

पाटील काकू: म्हणजे चित्रकथा ठेवू ना?

वाघमारे सर: ठेवा की! फक्त वहीत ‘चित्रकथा’ असं लिहा.

माधुरी: ऐकतानाही ‘संपूर्ण’ की ‘संक्षिप्त’ ते आधी बघायचं. जाडजूड कादंबरी तीन-चार तासांत संपली तर समजा कात्री लागलीय. वेग दीडपट करून ऐकणाऱ्यांचं मला कळत नाही, गाडी सुटतेय का?

शिंदे: मी दीडपटच ऐकतो 🙈 बरं, दहावीच्या पोरांना इंग्रजी कादंबऱ्या फुकट कुठं मिळतील?

वाघमारे सर: लिब्रिव्हॉक्स नावाची वेबसाइट आहे. २००५ पासून स्वयंसेवक तिथं कॉपीराइट संपलेली पुस्तकं वाचून टाकतात. आवाज कुठं छान, कुठं रटाळ, दोन-तीन वाचक चाखून बघा. पोरांनी पुस्तक पुढ्यात उघडं ठेवून ऐकावं, उच्चारही सुधारतात.

कुलकर्णी काका: ठीक. वहीत तिसरा रकाना आखतो, ‘ऐकली’. सान्वीची नोंद तिकडं जाईल.

सान्वी (बाबांच्या फोनवरून): काका, शेवटचा कृष्णाचा भाग मी पुस्तकातूनच वाचलाय. मग दोन्ही रकान्यांत लिहू?