संघाला एक सूचना, विंगरला दुसरी: चालते कोणती?

भुसावळकर:
फुटबॉल मॅनेजर या संगणकावरच्या गेममध्ये मी संघाला ‘चेंडू पेनल्टी बॉक्सपर्यंत खेळवत न्या’ अशी सूचना दिली आहे, डाव्या विंगरला (कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूला) मात्र ‘वारंवार शॉट मारा’ असे सांगितले आहे. तो लांबूनच चेंडू भिरकावत राहतो. यातली कोणती सूचना ग्राह्य धरली जाते?

धुळेकर:
वैयक्तिक सूचना संघाच्या सूचनेपेक्षा वरचढ ठरते. तो तुमचेच ऐकतो आहे, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. ती वैयक्तिक सूचना काढूनही शॉट थांबले नाहीत, तर त्याच्या प्रोफाइलमध्ये ‘लांबून शॉट मारतो’ ही सवय नोंदलेली आहे का ते पाहावे, कारण अशी सवय सूचनांनी पुरती दबत नाही, ती सरावातूनच सोडवावी लागते, आणि तो प्रयत्न फसूही शकतो.

जळगावकर:
तुम्ही बचावफळीची उंची, म्हणजे ती आपल्या गोलपासून किती पुढे उभी राहते, हे सांगितलेले नाही. प्रेसिंग (चेंडू हिसकावण्यासाठी प्रतिस्पर्ध्यावर धावून जाणे) वर, म्हणजे त्यांच्या गोलकडे, आणि बचावफळी खाली, आपल्या गोलजवळ, ठेवली तरी गेम हरकत घेत नाही, पण मधल्या मोकळ्या पट्ट्यात प्रतिस्पर्ध्याचा मिडफिल्डर आरामात वळून पास देतो. विंगरच्या शॉटपेक्षा ही विसंगती जास्त महागात पडते.

भुसावळकर:
माझी बचावफळी खालीच आहे. आधी तीच वर घेतो.